वारा नव्हे, वार

तीन दिवस न थांबता रादोयेला काय मिळणार होतं? औषधाच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं: फवारल्यावर तीन दिवस मळ्यात शिरू नये. पण रासबेरीचे फुटवे काढायचे होते. आज फवारलं, उद्या सून कामाला लागली, की तीन दिवस वाचले. सून वेरित्सा घरचीच, तेव्हा मजूरही नको. तिला सहावा महिना होता. तो या हिशेबात कुठे धरायचा असतो, हे रादोयेच्या गावीही नव्हतं.

माणूस निष्काळजी मुळीच नव्हे. वाऱ्याला तो सापापेक्षा जास्त भ्यायचा. एका खिडकीतून येऊन दुसरीतून जाणारा वारा म्हणजे आमच्याकडे सगळ्या दुखण्यांची आई. नातू ओग्न्येन चार वर्षांचा. कान वाहणं, छाती भरणं, दोनदा न्युमोनिया. "वारा लागला," आजोबांचं निदान ठरलेलं. म्हणून मे महिन्यातही स्वयंपाकघराच्या खिडक्या गच्च बंद, आणि दारामागच्या खिळ्याला फवारणीचा डगला. तो वेरित्साच हाताने धुवायची. ओग्न्येन पोटात होता तेव्हाही तिनेच धुतला होता.

फवारणी झाली त्याच दुपारी गरोदर बायकांना घरी येऊन तपासणाऱ्या ल्युबिंकासिस्टर आल्या, नाक मुरडलं आणि आधी खिडकी उघडली.

"अहो सिस्टर, वारा!"

"वाऱ्याचं मी बघते, काका. तुम्ही तो डगला बाहेर काढा."

तेवढ्यात फोन वाजला. मधमाश्या पाळणारा तिहोमिर विचारत होता, पेट्या उघडू का. फवारणीची खबर रादोयेने त्याला दोन दिवस आधीच दिली होती. कायदाच आहे तसा. "नको रे बाबा," रादोये म्हणाला, "बंदच ठेव अजून. विषाची परीक्षा कशाला?"

सिस्टरांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "आणि सुनेला कधी कळवलंत?"

"तिला काय कळवायचं? ती घरातच तर असते."

सिस्टरांचा आवाज चढला नाही, पण धार आली. बाळ पोटात असतानाच त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपलं कोण, परकं कोण हे शिकायला लागतात, त्यांनी सांगितलं. आईच्या अंगात गेलेलं औषध नाळेच्या मुळाशी असलेल्या वारेतून तिथवर पोचतं आणि ते शिकणं बिघडवू शकतं. मग साध्या सर्दीलाही दार सताड उघडं.

"बाळाला लागतं ते वाऱ्याने नाही, काका. वारेतून लागतं."

रादोयेची नजर खिळ्यावरच्या डगल्याकडे गेली. मग चाचरत म्हणाला, "म्हणजे ओग्न्येनचं... माझ्यामुळे?"

"शपथेवर नाही सांगता येणार. एकेका पोराचं कारण सिद्ध होत नाही, त्यामुळेच तर तुमचं सगळ्यांचं फावतं."

टेबलाशी बसलेली वेरित्सा बोलली. "मी वाचली होती बाटली, बाबा. वाटलं, तुम्हीही वाचली असेल. तुम्हीच थांब म्हणाल."

डगला त्या दिवशी रादोयेने स्वतः धुतला, अंगणापलीकडे. फुटवे तीन दिवस वाढत राहिले. पुढच्या फवारणीआधी त्याने दोन फोन केले. पहिला तिहोमिरला; दुसरा शेजारच्या खोलीत वाजला. "वेरित्सा, परवा फवारतोय. तीन दिवस मळ्याकडे फिरकायचं नाही."

वाचकहो, घरातलं माणूस घरातच असतं, म्हणून त्याला कळवायचं राहून जातं. त्यालाच आधी कळवा. यंदा रादोयेचे तीन दिवस गेले, मधमाश्यांचं काहीच गेलं नाही. ओग्न्येन पोटात असताना वाचवलेल्या दिवसांची किंमत कोणी भरली, ते छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. आत ओग्न्येन खोकतोय.