एका बोटाचा नमस्कार

डब्बो गाव सोडल्यापासून माझा नवरा क्लाइव्ह माझ्याशी धड बोललेला नाही. निंगन झालं, कोबार झालं. सगळीकडे तोच रुंद, ओसाड रस्ता, तेच युद्धस्मारक, तसाच गारढोण, खिमा भरलेला मीट पाय. गाडीमागे जोडलेली राहायची कॅरॅव्हॅन खडखडतेय, इकडे माझी कंबर.

"हे गाव कसं वाटलं रे?"

"हं."

पण समोरून गाडी दिसली, की स्टिअरिंगवरचं त्याचं बोट लगेच वर होतं. तो अनोळखी माणूसही बोट उचलतो. मेल्यांचे चेहरे कसे खुलतात!

विल्कॅनियाच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरले.

"आता काय झालं?"

"तू हो पुढे. मी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून समोरून येते."