सम्राटचं न संपणारं च्युइंगम

सम्राटने सिगारेट सोडली त्याला सव्वीस दिवस झाले आणि सत्ताविसाव्या सकाळी त्याचं तोंडच उघडेना. बायकोने, मोनालीने भाकरीचा तुकडा मोडून दिला, तो दातांपाशीच अडला. डाव्या कानाखाली कट्कन वाजलं आणि प्रेस मशीनवर आठ तास उभा राहणारा गडी डोळे मिटून खाली बसला.

सिगारेट सुटली ती आठ महिन्यांच्या आयुषमुळे. पोराची छाती भरली, तेव्हा डॉक्टरांनी बापाच्या शर्टाचा वास घेतला आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याच दिवशी पाकीट मोरीत भिजलं. मग कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, च्युइंगम चघळ, तलफ मरते. तलफ मेली खरी.

नातवाला बघायला केंदूरहून सणसवाडीला आलेले त्याचे वडील साहेबराव म्हणाले, "सम्या, एक ओढ. जबडा आपसूक ढिला पडंल. मी चाळीस वर्सं बिडी ओढतुय, माजं तोंड कवा अडाकलं व्हय?"

"मामा, तुमचं तोंड अडकलं असतं तर आत्याबाईंनी पेढे वाटले असते," मोनाली म्हणाली.

साहेबराव खो खो हसले. सम्राटला मात्र हसताही येईना. त्याची नजर बापाच्या बिडीच्या बंडलावर होती. मोनालीने ते बघितलं आणि दुपारच्या एसटीने त्याला शिरूरला नेलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबडा चाचपला. "दिवसाला किती च्युइंगम खाता? आणि थुंकता कधी?"

"थुंकायचं कशाला?" सम्राट अर्धवट दातांतून म्हणाला. "संपायची वाट बघतो."

त्याचं सगळं बालपण सुपारी खाणाऱ्या घरात गेलेलं. तोंडात टाकलं की संपेपर्यंत चघळायचं, एवढंच त्याला ठाऊक. गोडी गेली की तो वर दुसरं टाकायचा, मग तिसरं. शिफ्ट सुटेपर्यंत लिंबाएवढा गोळा, तोही कायम डाव्या गालात.

"अहो, ते संपत नसतं," बाई म्हणाल्या आणि हसू लपवायला चिठ्ठीवर वाकल्या. च्युइंगम बंद, दोन आठवडे मऊ खाणं, गरम पाण्याचा शेक. "आणि सिगारेटचं नावही नको."

परतीच्या एसटीत सम्राट डावा गाल चोळत होता. शिक्रापूर आल्यावर म्हणाला, "मोना, बाकी दिवस निघंल. दहाच्या चहाला सगळे टपरीवर जातात. तोंडात काही नसलं तर माझा हात सिगारेटकडे जाणार."

इतकं उघडं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. मोनालीने मांडीवरच्या पोराचं झबलं सारखं केलं. "मग हात मोकळा ठेवायचाच नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला तिने गुरगुट्या भात डब्यात भरला आणि आयुषला कडेवर घेतलं.

"बाईमाणूस कंपनीच्या गेटावर?" साहेबराव म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"म्हणू द्या की मामा. चहाच्या सुट्टीची दहाच मिनिटं आहेत त्यांच्याकडे पण."

भोंगा झाला. माणसं टपरीकडे लोटली, त्यांच्यात सम्राटही. एका दोस्ताने पेटवलेली सिगारेट सवयीने त्याच्यापुढे धरली. सम्राटचा हात उचलला गेला. मोनालीने हाक मारली नाही. गर्दीतून सरळ चालत गेली आणि पोर त्याच्या हातांत दिलं.

"दोन्ही हातांनी धरा. हल्ली उसळी मारतो."

सम्राटने धरलं. दोस्ताची सिगारेट तशीच पुढे राहिली, मग मागे गेली. मोनालीने डबा उघडला आणि सगळ्यांदेखत, जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यात चमचा सरकवला.

"भाभी, हमको भी," मागून एक बिहारी पोरगा म्हणाला.

"तुमचे जबडे धड आहेत, तुम्ही चहा प्या," ती म्हणाली. दुसरा चमचा भरला.

डबा रिकामा झाला तेव्हा परत भोंगा वाजला. सम्राटने पोर तिच्याकडे दिलं आणि हळूच विचारलं, "उद्या येशील?"

"चौदा दिवस येणार," मोनाली म्हणाली. "पंधराव्या दिवशी तुमचं तुम्ही बघा."