मंगळवारचं विमान

रुक्मिणीबाईंच्या घरी कुणाला 'या' म्हणायची रीत नव्हती. यायचा तो येतो, आपण पान वाढायचं. तंजावरच्या दरबारात होतो तेव्हापासूनची ही चाल, असं त्या सांगत. दरबार बुडून दीडशेच्या वर वर्षं झाली, ताठा मात्र तरंगत राहिला होता.

कुंभकोणमच्या मेलकावेरीतल्या घरात आता त्या एकट्या. नवरा गेलेला. लेक भुवनेश्वरी तमिळ सासरी अशी मुरली, की आईशीही फोनवर तमिळच बोलायची. बाजारात तमिळ, देवळात तमिळ, मोलकरणीशी भांडण तेही तमिळ. मराठी उरली होती एका माणसापुरती, एकाआड एक मंगळवारी.

तो हरिप्रसाद, हैदराबादचा मराठी माणूस, समयांचा व्यापारी. सकाळच्या विमानानं तिरुचीला उतरायचा, महालिंगच्या टॅक्सीनं कुंभकोणम गाठायचा, कारखान्यात पितळेला टिचकी मारून नाद पारखायचा, दुपारी बाईंकडे जेवायचा आणि संध्याकाळच्या विमानानं परत.

"मावशी, तुमची मराठी म्हणजे ताम्रपट."

"आणि तुझी म्हणजे बिर्याणीतला खडा. वांगी घे, बोलूं नको."

एवढ्यावर बाईंचे पुढचे तेरा दिवस निघत.

मग कंपनीनं ते विमानच बंद केलं. मोठ्या शहरांकडे वळवलं म्हणे. लहान गावाची कोण पत्रास ठेवतो! हरिप्रसादचा फोन आला.

"मावशी, चेन्नईवरून यायचं तर दोन दिवस मोडतात. कारखानदार म्हणतो, फोनवरच माल दाखवतो." मग म्हणाला, "तरी तुम्ही या म्हणालात, तर महिन्यातून एकदा येईन."

शब्द बाईंच्या जिभेवर आला होता. घराण्यानं तिथंच त्याचा गळा धरला.

"मजला काय अडलंय? तूं आपला धंदा पाहा."

"बरं, मावशी."

सात महिने गेले. मंगळवारी हात सवयीनं दोन वांगी जास्त चिरत, ती शेजारच्या गाईला जात. गाय काही बोलत नसे.

एके सकाळी टॅक्सीवाला महालिंग दारात येऊन तमिळमध्ये सांगू लागला. "अम्मा, तुमच्या पाहुण्याचं विमान परत सुरू झालं. पण रिकामंच येतं. दर आठवड्याचे बॅगवाले साहेब फिरकत नाहीत. सवय मोडली त्यांची."

"नासवलेलं दूध परत दूध होतं काय रे? सांग तुझ्या विमानवाल्यांना," बाई फटकन बोलल्या, आणि ते बोलणं त्यांचं त्यांनाच लागलं.

तो गेल्यावर त्यांनी आपण होऊन फोन लावला. जन्मात पहिल्यांदा.

"प्रसादा, विमान सुरू झालं. जेवायला ये."

"मावशी, तुम्ही बोलावलंत... पण आता खरेदी सगळी फोनवर होते हो. पुतण्याच बघतो. येईन की कधीतरी."

"कधीतरी म्हणजे काय, ते कळतं मजला. बरं, फोन ठेवूं नको. मी वाढून घेतें, तोंवर कांही बोल."

"काय बोलू?"

"कांहीही. मराठीत बोल म्हणजे झालं."

तो बोलू लागला. बायकोची गुडघेदुखी, मुलीची परीक्षा, वरच्या मजल्याचं गळकं छप्पर. बाई होय होय करत राहिल्या. भातावर सार ओततच होत्या, तोच तो म्हणाला, "एक मिनिट हं मावशी, दुसरा फोन येतोय," आणि आवाज तुटला.

बाईंनी भात कालवला. लोकांच्या एका मिनिटाला कधीकधी वेळ लागतो. उष्टा हात लागू नये म्हणून त्यांनी फोन जरा डावीकडे सरकवला, आणि सावकाश जेवू लागल्या.