श्रीनिवासचे बोंडले

मी एक जुने बोंडले आहे. चांदीचे, लांब चोचीचे, हैदराबादच्या चारकमानीतल्या सराफाकडे घडलेले. मित्रांनो, तान्ह्या बाळाला दूध पाजायचे भांडे म्हणजे मी. सुलभाबाईंनी आपल्या श्रीनिवासला माझ्यातूनच पाजून वाढवले. पुढे त्याची लेक प्राची जन्मली, तेव्हा दिलसुखनगरच्या दुकानांत परदेशी बाटल्या आल्या होत्या. मला कुणी विचारलेसुद्धा नाही! मी कपाटात काळे पडत गेले.

श्रीनिवास मोठा साहेब झाला. घोरण्यातही मोठाच. दुपारी डोळा लागला की घोरता घोरता त्याचा श्वासच थांबे आणि सुलभाबाई धावत जाऊन त्याला गदागदा हलवत. शेवटी श्वासाची वाट मोकळी व्हावी म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्याचा जबडा पुढे आणला आणि दात तारांनी बांधून टाकले. सहा आठवडे फक्त पातळ अन्न.

रुग्णालयात दोन दिवस त्याच्या पोटात धड काही गेले नाही. ओठ सुजलेले, पेल्यातले सगळे हनुवटीवरून ओघळे. तेव्हा सुलभाबाईंनी तारनाक्याच्या घरून मला घासून, उकळून आणले. मला पाहताच साहेबांनी तोंड फिरवले. कचेरीतली दोन माणसे भेटायला आली होती ना!

"पीलेव साब," नर्सबाई म्हणाल्या, "नक्को बोले तो डाक्टरसाब नाक में नली डालते."

"हौ रे, तू साहेब आहेस, मालूम आहे," सुलभाबाई म्हणाल्या. "पण श्रीनू, मी तर तुझी आईच आहे ना?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने मान पुन्हा आमच्याकडे वळवली. माझी चोच गालाच्या आतून दाढांमागे अलगद गेली आणि वरणाचे पाणी थेंब थेंब उतरले. मी रिकामे होताच सुलभाबाईंनी जुन्या सवयीने त्याची पाठ थोपटली, ढेकर यावी म्हणून! सगळे हसले. बिचाऱ्या श्रीनिवासला तेवढे हसता येईना. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

घरी आल्यावर एका दुपारी तो झोपला होता आणि खोलीत आवाजच नव्हता. सुलभाबाई घाबरून धावल्या. त्या त्याला हलवणार, तोच सूनबाई रजनीने त्यांचा हात धरला.

"झोपू द्या, आई. आता असेच झोपतात ते."

सुलभाबाईंनी त्याच्या नाकाशी बोट धरले, तान्हेपणी धरत तसे. श्वास येत होता, जात होता. मला मांडीवर घेऊन त्या कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

मित्रांनो, आजारपणात कुणी मायेने तोंडाशी काही धरले, तर मोठेपणा आड येऊ देऊ नका. मी आता पुन्हा कपाटात आहे. पण माझी तक्रार नाही. या घरात दुपारी कुणी कुणाला घाबरून उठवत नाही, एवढे मला आतूनही कळते.