अकरा तळटिपा

“अहो, इकडे या आधी! तुमच्या विहिरी त्या डॉक्टरांच्या नावावर गेल्यात!”

हे चहाची कपबशी हातात धरूनच आले. पडद्यावर माझा प्रबंध होता. विषय, गावातल्या विहिरी. सत्तावन्नाव्या वर्षी मला पीएच.डी.ची खुमखुमी आली, आणि त्यातलं चौथं प्रकरण उभं आहे ते ह्यांच्या वह्यांवर. पाणीपुरवठा खात्यात पंप दुरुस्त करता करता तेवीस वर्षं दर सोमवारी ह्यांनी विहिरींत दोरी सोडून पाणी मोजलं. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तळटिपेत एकदा ह्यांच्या वहीचा उल्लेख केला आणि पुढच्या अकरा टिपांत नुसतं ‘तत्रैव’ लिहिलं, म्हणजे वरचंच. काल त्या पहिल्या टिपेच्या लगेच खाली एका पीएच.डी.वाल्या डॉक्टरांच्या पुस्तकाची टीप घुसवली. झालं! खालच्या अकराही टिपा त्यांच्या पदरात.

“जाऊ दे गं. पाणी तेवढंच राहतं ना?” हे म्हणाले.

“जाऊ दे काय? वाकून वाकून कंबरेचा काटा तुम्ही ढिला केलात, आणि नाव मिरवणार ते?”

मला खरंच रडू येत होतं. प्रबंधात एकूण टिपा तीनशे बारा होत्या. आणखी कुठे कुठे घोळ झाला असेल देव जाणे. मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, पण रागावतात आईसारख्या. “हातानं कसल्या टिपा लिहिता? संदर्भांचं सॉफ्टवेअर घ्या. शुक्रवारी प्रबंध आला नाही तर वर्ष गेलं!”

त्यांनी सांगितलेलं सॉफ्टवेअर आमच्याकडे चालेना. कसं चालणार? संगणक ह्यांनी भंगारातून जोडलेला आणि त्यावर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली. सगळं जग एका वाटेनं, आमची स्वारी दुसऱ्या.

“तरी मी म्हणत होते, चारचौघांसारखं घ्या!”

हे खुर्ची ओढून बसले ते दोन दिवस शोधतच होते. एक चालू होईना, दुसरं उघडून लगेच मिटे, तिसरं सगळं जर्मनमध्ये. शेवटी लिनक्सवाल्यांच्या एका गटात विचारलं. कुठल्याशा ग्रंथपाल बाईंनी तासाभरात एक नाव कळवलं, तेही फुकट मिळणारं. ते बसलं, पण लिहायच्या प्रोग्राममध्ये त्याचं बटणच दिसेना.

“वायसर राहिला असणार कुठेतरी,” हे पुटपुटले. खरंच, एक छोटासा तुकडा बसवायचा राहिला होता. गुरुवारी सकाळी बटण उगवलं, आणि स्वारी अशी खुशीत आली की विचारू नका. मीही आपले शब्द मागे घेतले.

मग एकेक संदर्भ भरायला घेतला. लेखक: ह्यांचं नाव, आडनाव आधी. प्रकार: हस्तलिखित. अकराच्या अकरा टिपा घरी परतल्या. सूचीत ह्यांचं नाव दोन प्राध्यापकांच्या मधोमध बसलं.

“बघा! आता मिरवा.”

ह्यांनी वाकून ते नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, “माझं नाव लागणार असेल, तर त्यातली एक नोंद काढ.”

“का हो?”

“ती मोजलेली नाही. अठ्ठ्याण्णव सालचा जून, दुसरा सोमवार. वहीत जागा कोरी नको म्हणून मागाहून अंदाजानं भरली. त्या दिवशी मी विहिरीवर गेलोच नव्हतो.”

पुढे विचारायची गरज नव्हती. त्या सोमवारी हे इस्पितळात माझ्या उशाशी बसून होते. आमची मुलगी सकाळी जन्मली आणि दुपारी गेली. त्या दिवसाबद्दल आम्ही आजवर चार वाक्यं बोललो असू.

मी चौथ्या प्रकरणाच्या तक्त्यातला तो आकडा खोडला, त्याची टीपही काढली. खालच्या टिपांचे क्रमांक आपोआप एकेकानं कमी झाले. रिकाम्या चौकटीत काय लिहू, असं मी विचारलं.

“खरं ते लिही,” हे म्हणाले.

मी लिहिलं: पाणी मोजलं नाही. हे माझ्या शेजारी बसले, वही उघडली आणि पुढच्या सोमवारचा आकडा मला वाचून दाखवू लागले.