सहाव्या चौकटीतला शिक्का

फाइल टेबलावर उलटी फिरवली, तेव्हा कुठे मिसाओला सहावा शिक्का वाचता आला. फुनाकोशी. तांबडी शाई, नेहमीचीच वळणदार अक्षरं, चौकटीच्या अगदी मधोमध. फक्त डोकं खाली आणि पाय वर.

तिने फाइल सरळ केली. पुन्हा उलटी केली. मग खोलीचं दार लोटून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. तो मुळात स्वच्छच होता.

ओइकावा मिसाओला प्रांताच्या स्वच्छ ऊर्जा संस्थेत भांडवली गुंतवणूक विभागाची प्रमुख होऊन दोन वर्षं झाली होती. पवनचक्क्या, कालव्यांवरची छोटी वीजघरं, शाळांच्या छपरांवरची सौरपटलं, यातल्या कशात सरकारी पैसा घालायचा आणि कशात नाही, हे शेवटी फाइलवर सहीऐवजी नावाचे शिक्के मारायच्या आठ चौकटींपैकी तिच्या सातव्या चौकटीत ठरत असे. तिच्या डावीकडे एकच चौकट उरे, संचालक तोगाशींची, आणि तोगाशी तिचा शिक्का उमटल्याखेरीज आपला डबीतून बाहेर काढत नसत.

आजची फाइल नामेरिसावा गावाच्या दुसऱ्या विहिरीची होती. जमिनीत दोन किलोमीटर खोल भोक पाडायचं, वाफ वर आणायची, तिच्यावर वीज करायची आणि उरलेलं गरम पाणी गावाला द्यायचं. खर्च ऐंशी कोटी येन. महिनाभरात, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, करार झाला नाही तर केंद्राचं अनुदान हातचं जाणार होतं.

पहिली विहीर तीन वर्षांपूर्वीची. चाचणीत वाफ अशी भसाभस आली होती की गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या एप्रिलात नळीतून आलं ते आंघोळीलाही चालणार नाही असं कोमट पाणी. मिळणाऱ्या गरम पाण्याच्या भरवशावर गावाने टोमॅटोसाठी काचघरांचे सांगाडे उभे केले होते. ते तसेच रिकामे उभे होते, दर हिवाळ्यात बर्फाखाली वाकत होते. मिसाओ त्या रस्त्याने जाताना मान दुसरीकडे वळवत असे. आता दुसरी विहीरही गार निघाली, तर या प्रांतात जमिनीखालच्या उष्णतेचं नाव पुन्हा कुणी काढणार नव्हतं. आणि मिसाओलाही पुन्हा कुणी काही विचारणार नव्हतं.

तिने शिक्क्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. उजवीकडची पहिली चौकट सगळ्यांत कनिष्ठाची, मग चढत चढत डावीकडे साहेबांपर्यंत. शिक्का मारताना तो किंचित डावीकडे कलवायचा, म्हणजे आपलं नाव वरच्यांपुढे लवून उभं असल्यासारखं दिसतं. नियमावलीत हे कुठेही नाही. असतं, तर लोकांनी इतकं काटेकोरपणे पाळलंही नसतं. पहिले पाच शिक्के रीतसर लवले होते. सहावा तेवढा शीर्षासन करत होता.

जुने लोक सांगत, की माणसाला पटलेलं नसेल पण अडवायचीही छाती नसेल, तर तो शिक्का उलटा मारतो. मिसाओने तीस वर्षांच्या नोकरीत असा एकही पाहिला नव्हता.

आणि पाहिला तो कुणाचा, तर फुनाकोशींचा! शिक्का कसा धरावा हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं. "अंगावर ही खाच असते ना, तिच्यावर पहिलं बोट ठेवायचं. मग डोळे मिटून मारलास तरी उलटा उठणार नाही." पुढे इतकी वर्षं ते तिचे साहेब होते. साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि रिवाजाप्रमाणे अर्ध्या पगारावर त्याच विभागात परत आले, सल्लागार म्हणून. तोवर त्यांची खुर्ची मिसाओला मिळाली होती. त्यांचं नाव आपल्या नावापुढे लवलेलं तिने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिला आपणच काही चोरल्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून ते तिला 'मॅडम' म्हणत. अहो-जाहो करत. चुकूनही चुकत नसत.

दारावर टकटक झाली. संचालकांची सचिव कुसाका डोकावली.

"मॅडम, फाइल काय अंडी उबवायला बसवलीय का?"

"साहेब असं म्हणाले?"

"साहेब म्हणाले, कुठवर आलंय बघून ये. अंडी माझी."

"फुनाकोशीसानांकडे नऊ दिवस होती. माझ्याकडे आज सकाळी आली."

"नऊ दिवस? मग पिल्लं निघायला हवी होती."

"तीन वाजता घेऊन येते म्हणावं."

जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला. फुनाकोशी मात्र खिडकीशी आपल्या टेबलावर बसून भाताचे गोळे खात होते. बाहेर समोरच्या छपरावर दोन माणसं फावड्याने बर्फ खाली ढकलत होती. मिसाओ फाइल घेऊन त्यांच्यापाशी गेली.

"फुनाकोशीसान, जरा बसू?"

"बसा की मॅडम. मुळ्याचं लोणचं घ्या. बायकोने यंदा धुरी जरा जास्तच दिलीय. डबा उघडला की शेजारचे आग लागली का म्हणून बघतात."

तिने एक फोड उचलली. दोघांनी थोडा वेळ नुसतं कुडुमकुडुम चावलं. मग तिने फाइलचं पहिलं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि सहाव्या चौकटीशेजारी बोट टेकवलं.

फुनाकोशींनी मान पुढे काढली.

"अरेच्चा. उलटा पडला की."

"पडला?"

"डोळे दगा देतात हल्ली. वय झालं, दुसरं काय. हे पान नवीन छापून आणा मॅडम, पाच मिनिटांत सगळ्यांकडून परत मारून घेऊ."

म्हणजे चूकच होती. मिसाओच्या छातीवरचा दगड आता उतरायला हवा होता. तीन वाजता फाइल आत जाईल, अनुदान मिळेल, सगळे खूश. दगड मात्र जागचा हलेना.

फुनाकोशींनी खण उघडून शिक्का बाहेर काढला होता, तयारीत राहावं म्हणून. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर, त्या छपरावरच्या माणसांकडे होतं. शिक्का हातात येताच पहिलं बोट आपलं आपण खाचेवर जाऊन बसलं.

मिसाओ त्या बोटाकडे बघत राहिली.

"पान नाही छापत," ती म्हणाली. "कुठल्या पानावर अडलात, ते सांगा."

छपरावरून बर्फाचा मोठा लगदा धप्पकन खाली आला. फुनाकोशींनी शिक्का हळूच टेबलावर ठेवला.

"एकसष्ट."

तिला ते पान उघडायची गरज नव्हती, तरी तिने उघडलं. आधी पाडलेल्या अरुंद चाचणी-भोकातून वाफ मोजल्याचा कालावधी, चौदा दिवस. महिना, गेला ऑगस्ट. आकड्याशेजारी समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.

"तो ठिपका कुणाचा?" फुनाकोशींनी विचारलं.

"माझा. महिन्यापूर्वी मसुदा आला होता तेव्हाचा. पुसायचा राहिला."

"मला वाटलंच." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ऑगस्टात इथे रस्त्यावरचा दगडसुद्धा गरम लागतो. डोंगरावरचं बर्फ वितळतं एप्रिलात. ते पाणी खाली मुरल्यावर विहिरीचं काय होतं, ते कुणी मोजलंय?"

"पहिल्या वेळीही कुणी मोजलं नव्हतं. तेव्हाही चौदाच दिवस होते."

"हो."

"मला तेव्हाच खटकलं होतं," मिसाओ म्हणाली. तीन वर्षांत हे वाक्य तिने कुणापाशी काढलं नव्हतं, नवऱ्यापाशीही नाही. बोलून झाल्यावर तिचे कान तापले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विभागप्रमुख होतात. माझा शिक्का तुमच्यापुढे लवलेला होता. म्हटलं, वरच्यांना कळत असेल."

"आणि मी म्हटलं, खालच्या सहाही जणांना काही खुपत नाही, मग मलाच काय एवढं." फुनाकोशींनी कपाळ चोळलं. "मला खटकलं होतं ओइकावा. मीही तोगाशींपुढे छान लवून शिक्का मारला आणि घरी जाऊन जेवलो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी हसू कुणाला फुटलं ते सांगता आलं नसतं. आनंदाचं नव्हतं ते, पण खूप दिवस बंद असलेली खिडकी एकदाची उघडावी, तसं बरं वाटलं.

"काय पण शहाणी माणसं आपण," ते म्हणाले.

"पण या वेळी तरी सरळ येऊन सांगायचंत ना मला."

"कसं सांगू? म्हातारा उठून शिकवायला लागला, की विभाग तुझा राहत नाही. त्यापेक्षा डोळ्यांवर ढकललेलं बरं. तुला पटलं तर विचारशील, नाही तर नवीन पान छापशील. नऊ दिवस तोच विचार करत होतो. तो ठिपका दिसला नसता तर तेवढाही धीर झाला नसता."

तेव्हा कुठे मिसाओच्या ध्यानात आलं, की ते मघापासून तिला 'तू' म्हणत होते. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. दोन वर्षं मानेवर धरून ठेवलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी येतंय की काय अशा भीतीने तिने घाईघाईने मुळ्याची आणखी एक फोड मागितली.

तीन वाजता ती संचालकांच्या खोलीत गेली. तोगाशींनी शिक्क्याची डबी उघडून ठेवली होती, शाईची गादीही. त्यांनी पान पाहिलं. सातवी चौकट कोरी होती.

"हे काय?"

"एप्रिल ते जून, नव्वद दिवस चाचणी करू. बर्फ वितळताना पाणी गरम राहतं का ते बघू. तोवर मी शिक्का मारणार नाही."

"आणि अनुदान?"

"यंदाचं जाईल. पुढच्या वर्षी परत मागू."

"गव्हर्नरसाहेबांना मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, गुंतवणूक विभागातल्या बाईने अडवलं. कितीही सांगा, ऐकतच नाही म्हणावं."

तोगाशींनी नजर पुन्हा कोऱ्या चौकटीकडे वळवली. मिसाओ उभीच होती.

"तुमचं नाव घेऊ?"

"घ्या."

तोगाशींनी शिक्का डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, आणि मग खुर्चीत असे मागे रेलले, की जणू सकाळपासून श्वास रोखून बसलेले असावेत.

"कुसाका!" त्यांनी हाक मारली. "दोन चहा. आणि ते घेवड्याचं गोड आहे ना कालचं, तेही आण." मग आवाज खाली आणून ते मिसाओला म्हणाले, "बसा हो. मलाही आठवडाभर झोप नाही. त्या गावातून मला दर नवीन वर्षाला शुभेच्छापत्र येतं, माहितेय? दरवर्षी त्यावर टोमॅटो काढलेला असतो. रंगवलेला. एक शब्द तक्रारीचा लिहीत नाहीत."

मिसाओने चहा दोन्ही हातांत धरला. हात हळूहळू गरम होत गेले. एप्रिलमध्ये चाचणी सुरू होईल, तेव्हा आपण स्वतः नामेरिसावाला जायचं, तिने ठरवलं. त्याच रस्त्याने, मान न वळवता.

पुढच्याच आठवड्यात नव्वद दिवसांच्या चाचणीची फाइल फिरली. बारीकशीच होती, आणि दोन दिवसांत सहा चौकटी ओलांडून मिसाओच्या टेबलावर आली. कुसाका ती न्यायला दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, या वेळी अंडी थेट कढईतच पडली वाटतं.

मिसाओने सहावी चौकट पाहिली. फुनाकोशींचा शिक्का सुलटा होता, आणि रीतीप्रमाणे डावीकडे, तिच्या चौकटीकडे, लवलेला. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

तिने आपला शिक्का काढला. खाचेवर बोट ठेवलं, शाईवर दोनदा अलगद टेकवला, सातव्या चौकटीवर धरला, आणि क्षणभर थांबून मनगट थोडं उजवीकडे वळवलं. मग नीट दाबून मारला.

कुसाका टेबलावर वाकली.

"मॅडम, हा उलट्या बाजूला कललाय."

"असं?"

"साहेब डावीकडे आहेत. इकडे तर फुनाकोशीसान."

"डोळे दगा देतात हल्ली," मिसाओ म्हणाली. तिचं बोट अजून खाचेवरच होतं.