पाटीखालचं सगळं

मी पाटी बोलतेय. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली, कडांना जराशी गंजलेली, वर टांगायला दोन भोकं आणि पोटावर पिवळ्या रंगात इंग्रजीत एकच शब्द : इंडियन. पेंटरनं मला वाळत घातलं तेव्हा मालकांना विचारलं होतं, "हिच्याखाली नक्की काय ठेवणार?"

मालक म्हणाले, "नावात असेल ते."

बस्स. माझी जन्मपत्रिका एवढीच.

मालकांचं दुकान परदेशात, जुन्या वस्तूंचं. शिस्त मोठी कडक. प्रत्येक वस्तूची जागा तिच्या नावावरून ठरायची. वस्तूला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नव्हती. इंग्रजी नावात हा शब्द दिसला, की वस्तूची रवानगी माझ्या कोपऱ्यात.

सगळ्यात आधी आली चौकोनी बाटलीतली काळीभोर शाई. इंडियन इंक. आल्या आल्या कुरकुरली, "अहो, मी मूळची चीनची!" तिचं कोण ऐकतंय? मग रंगीबेरंगी दाण्यांची वाळकी कणसं आली, इंडियन कॉर्न. "आम्हाला आमच्या गावी नुसतं मका म्हणतात हो," ती म्हणाली. त्यांच्यामागून पिसांचा एक मुकुट आला. तो फारसा बोलत नसे. एकदाच म्हणाला, "एक खलाशी निघाला होता इंडियाला, पोचला आमच्या दारात. चूक त्याची, आणि नाव आमच्या माथी."

व्यायामाचे लाकडी मुद्गल, म्हणजे इंडियन क्लब, तेवढे ताठ उभे राहून सांगायचे, "आम्ही अस्सल!" त्यांच्या बुडाशी कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्याचा शिक्का होता, म्हणून मालक ते बूड भिंतीकडे करून ठेवत.

एक पानगळीचं चित्र होतं. थंडी पडू लागल्यावर मध्येच चार दिवस ऊब येते, तिलाही इंग्रजीत माझंच नाव आहे म्हणे, इंडियन समर. चित्रात दोन म्हातारे कोट घालून बाकावर बसलेले. त्यांचा माझ्याशी काय संबंध, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग वेस्ट इंडियन क्रिकेट संघाचा फोटो आला. मालक जरा घुटमळले. म्हणाले, "निम्मं तर जुळतंय. घ्या आत."

मालकीणबाई दुपारी जेवणाचा डबा घेऊन आल्या की कमरेवर हात ठेवून बघायच्या. "एका शब्दाच्या घरात एवढे पाहुणे! कुणी कुणाला ओळखतं तरी का?"

"ओळख लागत नाही. नाव लागतं," मालक म्हणायचे.

मी वर टांगलेली, त्यामुळे खालचे सगळे माझेच, असं मला वाटे. पाट्यांचा स्वभावच तो.

मग मालकांच्या मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई आली. बोलणं कमी, बघणं जास्त. माहेराहून तिनं आईचं शिलाई मशीन आणलं होतं. हातानं फिरवायचं, चाकाची मूठ झिजून गुळगुळीत झालेली. घरात जागा नव्हती, म्हणून ते दुकानात आलं.

मालक चष्मा वर करून म्हणाले, "कंपनी कुठली?"

"नाव पुसून गेलंय, बाबा."

मालकांच्या कपाळावर आठ्या. बिननावाची वस्तू ठेवायची कुठे? तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं सूनबाईकडे बोट करून विचारलं, "ते त्या इंडियन मुलीचं मशीन विकायचंय का?"

मालकांचा चेहरा उजळला. "सापडली जागा!"

अशी सूनबाई माझ्याखाली आली. मका आणि मुकुटाच्या मध्ये स्टूल टाकून पडदे शिवू लागली. मालक स्वतः गल्ल्याजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत. या देशात त्यांचे केस पिकले होते. हा शब्द आपल्याला लागू पडेल, हे त्यांच्या मनातही येत नसे. गिऱ्हाइकं दाराबाहेर गेल्यावर मालकांना काय म्हणत, ते मला ऐकू यायचं. पण पाटीला विचारतो कोण!

एके सकाळी एक हॉटेलवाला आला. नवं हॉटेल काढत होता. माझ्या कोपऱ्याकडे बघून त्यानं चुटकी वाजवली. "लॉबीत हेच हवं. पाटीखालचं सगळं द्या."

"सगळं?"

"सगळं. निवडत बसायला वेळ नाही."

मालकांनी हात पुढे केला. दिलेला शब्द त्यांनी आजवर मागे घेतला नव्हता. दुकान त्यावरच उभं होतं. दुपारी हॉटेलवाला दोन हमाल घेऊन हजर. शाई गेली, कणसं गेली, मुद्गल गेले. मग हमालांनी मशीन उचललं. सुई अजून अर्ध्या पडद्यात अडकलेली. पडदा मागोमाग फरफटत निघाला.

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आली ती दारातच थांबली. "बाबा, ते माझ्या आईचं आहे."

मालकांचं तोंड उतरलं. खरंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "पाटीखाली होतं ना, बाळ. आता शब्द दिलाय. तुला दुसरं घेऊ, याहून छान."

"छान नकोय. ते हवंय."

"नियम म्हणजे नियम," मालक पुटपुटले. पण नजर तिच्या हातातल्या ट्रेवर.

सूनबाईनं ट्रे ठेवला. स्टूल ओढलं, वर चढली आणि मला काढलं. पदरानं माझ्यावरची धूळ पुसली. मग सरळ मालकांच्या मागे गेली, कॅलेंडर उतरवलं आणि त्या खिळ्यावर मला अडकवलं.

"आता न्या," ती हमालांना म्हणाली. "पाटीखालचं सगळं."

माझ्याखाली मालक, त्यांची खुर्ची, त्यांचा चष्मा आणि डबा उघडत असलेल्या मालकीणबाई.

एका हमालानं अगदी मनापासून विचारलं, "खुर्चीसकट उचलायचे, का सुटे?"

हॉटेलवाल्यानं मान तिरकी करून मालकांना न्याहाळलं. "दाराशी शोभतील. चष्मा राहू दे."

"जेवण आयतं मिळेल ना?" मालकीणबाई म्हणाल्या. "मग मी तयार आहे."

"अगं, मी काय त्यातला आहे का?" मालक ओरडले.

"मशीन तरी कुठे त्यातलं होतं, बाबा?" सूनबाई हळूच म्हणाली.

मालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खालून वर, पहिल्यांदाच. बराच वेळ पाहिलं. मग ते उठले, गुडघ्यावर हात टेकत, आणि माझ्याखालून बाजूला झाले.

"शब्द मोडणार नाही," ते हॉटेलवाल्याला म्हणाले. "कोपरा तुम्ही नेलाच आहे. पाटीखाली आता ही खुर्ची आहे. ती न्या आणि मशीन खाली ठेवा."

खुर्ची त्यांच्या वडिलांची होती. हे फक्त मालकीणबाईंना ठाऊक होतं. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. हॉटेलवाल्यानं पाठीवरून हात फिरवला. ऐटदार खुर्ची, तो खूश. मग बोट माझ्याकडे. "आणि पाटी?"

"पाटीखालचं म्हणालात," मालक म्हणाले. "पाटी म्हणाला नव्हतात."

हॉटेलवाला गेल्यावर मालक सूनबाईच्या स्टुलावर बसले आणि निवलेला चहा पिऊन टाकला. "हिला कुठं टांगायची, ते तूच ठरव," म्हणाले.

तिनं मला दाराच्या चौकटीवर लावलंय, आतल्या बाजूनं. येणारा जाणारा प्रत्येक जण क्षणभर माझ्याखाली येतो : पोस्टमन, गिऱ्हाइकं, शेजारणीचं कुत्रं, मालकसुद्धा. क्षणभर माझे होतात आणि पुढे आपापल्या कामाला जातात. मशीन खिडकीपाशी आहे. त्याच्या वर काही नाही, नुसता उजेड.

माझी एवढीच विनंती. मला वाचा, हवं तर हसा, माझ्याखालून खुशाल ये-जा करा. फक्त कुणाला स्टूल टाकून कायमचं बसवू नका. पत्रा पातळ आहे हो माझा. एवढ्यांचं ओझं मला नाही पेलत.